कम्युनिटी कॉलेजातून जिऑलॉजीच्या पदवीकडे: कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि तारखा

मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ जिऑलॉजी शिकवते. आमच्या लॅबमधल्या खनिजांच्या ट्रेमध्ये स्टिलबाइटचा एक तुकडा आहे. फिकट गुलाबी, पेंढीसारखा मधे आवळलेला. सोबतच्या जुन्या चिठ्ठीवर लिहिलंय, ‘पूना, इंडिया’. वर्गात एखादं मराठी पोर असलं की तो तुकडा हातात घेऊन थबकतं. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत तयार झालेली अशी खनिजं पुणे, नाशिक, जळगावकडून जगभरच्या संग्रहांत गेली आहेत. ‘मला हेच शिकायचंय’ म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. पण बहुतेकांना हे तिसऱ्या सत्रात उमगतं, आणि तोवर कॅल्क्युलसला हातही लागलेला नसतो. त्यांचं वर्ष वाया जातं ते इथे. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

राज्यात 116 कम्युनिटी कॉलेजं आहेत. इथे पहिली दोन वर्षं करून उरलेली दोन वर्षं विद्यापीठात पूर्ण करायची, हा जिऑलॉजीच्या पदवीकडे जाणारा रस्ता. प्रवेशाला गुणांची अट नाही. हायस्कूल पूर्ण झालेलं असावं किंवा वय 18 असावं. अर्ज ‘सीसीसी अप्लाय’वर ऑनलाइन भरायचा, तो मोफत आहे. हायस्कूलमध्ये असतानाही पालकांच्या आणि शाळेच्या संमतीने एखादा विषय घेता येतो. अकरावी-बारावीतल्या मुलांनी ही सोय जरूर वापरावी.

अर्जातला रहिवासाचा भाग मात्र घाईने भरू नका, कारण फी त्यावर ठरते. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे विषयाच्या एका क्रेडिटला, 46 डॉलर पडतात. रहिवासी न ठरल्यास तीच रक्कम कित्येक पटींनी वाढते. सत्र सुरू होण्यापूर्वी एक वर्षाहून जास्त काळ राज्यात वास्तव्य हवं आणि इथेच राहण्याचा इरादा कागदावर दिसायला हवा. घरभाड्याचा करार, राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन हे जपून ठेवा. एच-4 व्हिसावरची, म्हणजे एच-1बी नोकरदारांची, मुलंही या अटी पूर्ण करून रहिवासी ठरू शकतात. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरची ठरत नाहीत. एच-4 वयाच्या 21 व्या वर्षी संपतो, त्यामुळे त्या घरांनी दोन अधिक दोन वर्षांचा हिशेब मुलाच्या वाढदिवसाशी ताडून पाहावा आणि इमिग्रेशनच्या वकिलाशी आधीच बोलून ठेवावं.

आता पैशांचं. ‘फाफ्सा’ हा केंद्रीय मदतीचा अर्ज नागरिकांसाठी आणि ग्रीनकार्डधारकांसाठी आहे. एच-4 वरच्या मुलांना ही मदत मिळत नाही. त्यातून मिळणाऱ्या पेल ग्रँटची कमाल रक्कम 2025-26 साठी 7,395 डॉलर आहे, आणि ती परत करावी लागत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर, टॅक्स रिटर्न, बँकेतली शिल्लक, गुंतवणुकीची कागदपत्रं हाताशी घेऊन बसा. ज्या पालकाची माहिती लागते त्याने स्वतःचं वेगळं खातं उघडून टॅक्सची माहिती घ्यायला संमती द्यायची असते. ती राहिली तर बाकीचा अर्ज कितीही नीट भरलेला असो, केंद्राची मदत मिळत नाही. गरजू रहिवाशांना कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटमधून युनिटची फी माफ होते. तिचा अर्ज वेगळाही करता येतो.

या सगळ्याहून जास्त वेळ विषयांच्या निवडीला द्या. विद्यापीठात जाण्यासाठी कम्युनिटी कॉलेजात मिळणारी जिऑलॉजीची ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ म्हणजे किमान 60 सेमिस्टर युनिट आणि किमान 2.0 जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी. तिच्या गाभ्यात फिजिकल जिऑलॉजी, हिस्टॉरिकल जिऑलॉजी, जनरल केमिस्ट्रीची दोन सत्रं आणि कॅल्क्युलसची दोन सत्रं येतात. म्हणजे निम्म्याहून जास्त भार दगडांचा नाहीच, गणित-रसायनाचा आहे. लहान कॉलेजांत हिस्टॉरिकल जिऑलॉजी वर्षातून एकदाच लागतं. ते हुकलं की पुढच्या वर्षावर. एका हुशार मुलीने दोन्ही जिऑलॉजी ए ग्रेडने केल्या, पण कॅल्क्युलस पुढे ढकलत राहिली आणि तिला आणखी एक वर्ष थांबावं लागलं. त्यामुळे मनात नुसती शक्यता असली तरी गणित पहिल्याच सत्रात घ्या. विषय बदलला तरी ते कामी येतं.

ही पदवी हातात असेल तर कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे सीएसयूत, जागेची हमी मिळते. हमी व्यवस्थेतल्या जागेची आहे, ठरावीक कॅम्पसची नाही. या असोसिएट पदवीसाठी आपल्या कॉलेजकडे वेगळा अर्ज करावा लागतो, तो विसरू नका. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी, म्हणजे यूसीसाठी, ‘टॅग’ ही वेगळी हमी आहे. ती डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहांपैकी एकाच कॅम्पससाठी मागता येते. यूसीकडे जायचं तर फिजिक्सही धरून चाला. आपल्या कॉलेजचा कोणता विषय कुठे चालतो ते ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. त्याची प्रिंट घेऊनच काउन्सेलरकडे जा.

टॅगचा अर्ज 1 ते 30 सप्टेंबर. यूसी आणि सीएसयूचे मुख्य अर्ज 1 ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, कधीकधी एक-दोन दिवस पुढे. यूसीला जानेवारीत ताजे गुण कळवायचे असतात, ते न कळवल्यास मिळालेली हमी जाऊ शकते.

महाराष्ट्रातून बारावी किंवा पदवीची एक-दोन वर्षं करून आलेल्यांनी मार्कशीटचं विषयवार मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावं. बारावीचे विषय कॉलेज क्रेडिट म्हणून धरले जात नाहीत. पदवीचे धरले जाऊ शकतात.

फील्ड ट्रिपला पैसे नाहीत, बूट नाहीत, किंवा गुडघा साथ देत नाही म्हणून नाव मागे घेणारी मुलं असतात. कृपा करून आधी शिक्षकाला सांगा. गरजू पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी ईओपीएस आणि अपंगत्व असलेल्यांसाठी डीएसपीएस ही कार्यालयं कॉलेजातच असतात. उन्हाळ्यात नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या आरईयू, म्हणजे विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव देणाऱ्या, प्रकल्पांत विद्यावेतन मिळतं आणि कम्युनिटी कॉलेजचे विद्यार्थीही पात्र असतात, मात्र नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड लागतं.

शेवटी शिक्षकांसाठी, कारण आपल्याकडून जिऑलॉजीची एम.एस्सी. करून इथे घरी बसलेल्या बायका मला भेटतात. कम्युनिटी कॉलेजात शिकवायला जिऑलॉजीची मास्टर्स पुरते, बी.एड.सारखी वेगळी पदविका लागत नाही. काम करण्याची परवानगी आणि पदवीचं मूल्यांकन मात्र हवं. वर्ग मिळाल्यावर एकटीने धडे रचत बसू नका. नॅशनल असोसिएशन ऑफ जिओसायन्स टीचर्सचा ‘जिओ टू वाय सी’ विभाग खास दोन वर्षांच्या कॉलेजांच्या शिक्षकांसाठी आहे. याच शिक्षकांसाठीच्या ‘सेज टू वाय सी’ प्रकल्पातून तयार झालेलं साहित्य मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. मूल्यांकनासाठी विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागितली तर तिला वेळ लागतो, तेव्हा पुढच्या भारतवारीतच मूळ मार्कशीट घेऊन विद्यापीठाच्या परीक्षा विभागात अर्ज देऊन या.