मधले नाव आणि आजोबांचे नाव: वंशावळ जुळवताना

मराठी माणसाच्या पूर्ण नावात पूर्वज दोन ठिकाणी आढळू शकतो. मधले नाव वडिलांचे असते आणि पहिले नाव पुष्कळदा आजोबांचे असते, कारण थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. वंशावळ काढायला बसलेली मंडळी या दोन्ही गोष्टी ‘नावावरून कळते’ या एकाच खात्यात टाकतात आणि तिथेच घोटाळ्याला सुरुवात होते. मधले नाव ही त्या काळी कोणीतरी लिहून ठेवलेली माहिती असते, तर नातवाला आलेले नाव आजोबांचेच असणार हा आज आपण बांधलेला कयास असतो.

मधल्या नावाचा उपयोग किती मोठा आहे, हे पेशव्यांच्या घराण्यात स्पष्ट दिसते. थोरले बाजीराव कागदोपत्री ‘बाजीराव बल्लाळ’ आहेत, म्हणजे बाळाजींचे पुत्र. शेवटचे बाजीराव ‘बाजीराव रघुनाथ’ आहेत. थोरले माधवराव ‘माधवराव बल्लाळ’, तर सवाई माधवराव ‘माधवराव नारायण’. गावच्या जुन्या दप्तरात हेच काम ‘बिन’ आणि ‘वलद’ हे शब्द करतात: ‘राणू वलद सटवा’ म्हणजे सटव्याचा मुलगा राणू. अशी नोंद सापडली की एक पिढी पक्की झाली असे धरून चालता येते. दत्तकाचा अपवाद आहे, त्याकडे पुढे येऊ.

आजोबांच्या नावाचे तसे नाही. ही चाल खरी आहे आणि कधी कधी ती अगदी ठसठशीत दिसते: बाळाजी विश्वनाथ एप्रिल 1720 मध्ये वारले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाजीरावांना मुलगा झाला आणि तो बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब झाला. परंतु याच घराण्यात 1774 साली जन्मलेल्या सवाई माधवरावांना दीड वर्षापूर्वी वारलेल्या काकांचे नाव मिळाले. भोसल्यांकडेही संभाजी महाराजांच्या आधी त्याच नावाचे त्यांचे थोरले चुलते होऊन गेले होते. केवळ नाव पाहून ‘हे आजोबांचे’ असे म्हणणारा अभ्यासक अशा ठिकाणी काकाला आजोबांच्या जागी बसवतो आणि एक पिढी फुकट वाढवतो.

या चालीचा आणखी एक परिणाम फारसा कोणी लक्षात घेत नाही. एका आजोबांना चार मुलगे असतील, तर त्या चौघांच्याही घरी आजोबांचे नाव ठेवले जाऊ शकते. शिवाजी महाराजांच्या निधनानंतर संभाजी महाराजांच्या पुत्राचे नाव शिवाजी ठेवले गेले (पुढे तेच शाहू महाराज) आणि राजाराम महाराज व ताराबाई यांच्या पुत्राचे नावही शिवाजीच. म्हणजे एकाच नावाचे दोन चुलतभाऊ. राजघराण्यात हा घोळ कोणी करणार नाही. पण सामान्य कुळाच्या कागदात, विशेषतः मधले नाव न लिहिलेल्या कागदात, असे चुलतभाऊ सहज एक होऊन जातात.

खरी कसोटी लागते ती दोन्ही चाली एकत्र आल्यावर. समजा, एका घराण्यात ‘रामा’ आणि ‘गणू’ ही दोनच नावे आलटून पालटून चालली आहेत. मग रामा बिन गणू, त्याचा मुलगा गणू बिन रामा, त्याचा मुलगा पुन्हा रामा बिन गणू. एरवी इतके विश्वासू असलेले मधले नावसुद्धा इथे हात टेकते, कारण एक पिढी सोडून पूर्ण नावच जसेच्या तसे परत येते. फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, एका ठिकाणी ‘रामा बिन गणू मयत, वारस मुलगा गणू’ असे आहे आणि दुसरीकडे नुसताच ‘रामा बिन गणू’ खातेदार म्हणून दिसतो आहे. हा आजोबा की नातू, याचे उत्तर नावात नाही. ते फेरफाराच्या तारखेत, गट किंवा सर्व्हे नंबरात आणि कोतवाल बुकातल्या, म्हणजे गाव नमुना 14 मधल्या मृत्यूच्या नोंदीत शोधावे लागते. माझ्या मते यात सर्वांत भरवशाची खूण बायकोच्या नावाची असते. आजोबा आणि नातू यांची नावे एक असतील, पण दोघांच्याही बायकांचे नाव एकच असणे विरळा. ‘सखूबाई भ्रतार रामा’ किंवा ‘सखूबाई कोम रामा’, म्हणजे रामाची बायको सखूबाई, अशी एखादी ओळ मिळाली तर ती सोडू नये. अडचण एवढीच, की सासरी आल्यावर नाव बदलण्याच्या चालीमुळे तीच बाई माहेरच्या कागदात वेगळ्या नावाने असते.

दत्तकात मात्र दोन्ही आधार एकदम सुटतात. झाशीच्या गंगाधरराव आणि लक्ष्मीबाईंचा दामोदर हा मुलगा काही महिन्यांचा असताना 1851 साली गेला. नोव्हेंबर 1853 मध्ये त्यांनी वासुदेवराव नेवाळकरांचा आनंदराव दत्तक घेतला आणि त्याचेही नाव दामोदरराव ठेवले. पहिले नाव गेलेल्या मुलाचे आणि वडिलांच्या जागी दत्तक घेणाऱ्याचे नाव, अशा माणसाचे जन्मघराणे नावावरून कधीच सापडणार नाही. दत्तक गेलेला मुलगा श्राद्धाच्या संकल्पातही पिता, पितामह, प्रपितामह म्हणून दत्तक घराण्यातलीच नावे घेतो, त्यामुळे घरच्या तोंडी परंपरेतूनही मूळ घर पुसले जाते. त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नोंद ठेवणाऱ्या क्षेत्रातल्या पुरोहितांच्या, वह्यांत मूळ घराण्याची शाखा वेगळी उतरलेली असेल, तर तिथे धागा मिळण्याची शक्यता राहते.

आजोबांचे नाव ठेवण्याचा एक किरकोळ पण त्रासदायक परिणाम म्हणजे टोपणनावे. सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे नाही, म्हणून त्याच नावाचा मुलगा घरात बाळ, नाना किंवा आबा होतो आणि पत्रांतून, कधी कधी कागदांतूनही, तसाच वावरतो.

2023 पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने असंख्य कुटुंबे जुने दप्तर चाळू लागली आहेत आणि त्यांच्यासमोर हे प्रश्न रोज येत असतील. अशा वेळी प्रत्येक पिढीपुढे ती कशावरून धरली, नोंदीवरून की चालीवरून, हे पेन्सिलीने का होईना लिहून ठेवावे. चालीवरून धरलेले नाव शोधाची दिशा दाखवायला उत्तम असते, पण त्याला दुजोरा देणारा कागद हाती येईपर्यंत ती जागा रिकामीच समजलेली बरी. पुढच्या शोधकांचे काम थोडे सोपे असेल, कारण 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या शासकीय कागदपत्रांवर स्वतःच्या नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव येते.