आवाज तोच, मेंदू वेगळे

विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी पुण्यातल्या सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठाचे विद्यार्थी ध्वनिमापक घेऊन लक्ष्मी रस्त्यावर उतरतात. बेलबाग चौकापासून खंडोजीबाबा चौकापर्यंत, ठरलेल्या चौकांत, ठरलेल्या वेळी आवाजाची नोंद करतात. करोनाची दोन वर्षं सोडली तर सरासरी आकडे ऐंशी-नव्वद डेसिबलच्या वर असतात, कधी शंभरीही ओलांडतात. निवासी भागासाठी कायद्यानं घातलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची आहे. या मोजपट्टीवर दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे ५५ वरून ९५ वर जाणं ही दहा हजार पटींची उडी झाली.

ध्वनिमापकावरचा आकडा सगळ्यांसाठी एकच असतो. पण त्याच गर्दीत एकाचे पाय ताशावर थिरकत असतात आणि शेजारी उभा असलेला घामाघूम होऊन बाहेर पडायची वाट शोधत असतो. या दुसऱ्याला आपण भित्रा म्हणतो. तो लहान असला तर लाडावलेला म्हणतो, आणि आईवडिलांनाही चार शब्द ऐकवतो.

अशा मुलांच्या कानांत बहुतेक वेळा काहीही बिघाड नसतो. फरक पडतो तो पुढे, मेंदूत. एखादा आवाज पुन्हा पुन्हा आला की मेंदू त्याला द्यायचा प्रतिसाद कमी कमी करत नेतो. पंखा घरघरतोय हे आपण पाच मिनिटांत विसरतो ते यामुळेच. ऑटिझम (मेंदूच्या घडणीतला जन्मजात वेगळेपणा) असलेल्या आणि आवाज-स्पर्श सहन न होणाऱ्या मुलांचे एमआरआय घेतले, तेव्हा हा प्रतिसाद हळू उतरतो किंवा फारसा उतरतच नाही असं आढळलं. धोक्याची दखल घेणारा अमिग्डाला हा भाग त्यांच्यात जागाच राहतो. छातीची धडधड वाढते, स्नायू आखडतात, तिथून पळून जावंसं वाटतं. यातलं काहीच मूल ठरवून करत नाही.

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करणारा लेख लिहिला. ऑटिझमच्या इतिहासात तो पायाभूत मानला जातो. व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, अंडी फेटायचं यंत्र अशा वस्तूंनी ही मुलं किती घाबरून जातात, हे त्यांनी तेव्हाच टिपलं होतं. तरी संवेदनांमधला हा वेगळेपणा निदानाच्या निकषांत यायला २०१३ साल उजाडावं लागलं. मधली सत्तर वर्षं किती मुलांनी ‘हट्टी’ हे लेबल घेऊन काढली असतील, याचा विचार केला की फार वाईट वाटतं.

आपल्याकडे अंडी फेटायच्या यंत्राची जागा मिक्सरनं घेतली आहे. सदाशिव पेठेतल्या माझ्या ओळखीच्या एका घरात चटणी वाटायला घेतली की नऊ वर्षांचा नातू कानांवर हात दाबून कॉटखाली शिरायचा. ऑक्युपेशनल थेरपिस्टशी बोलून आल्यावर त्याच्या आईनं सासूबाईंना एवढंच सांगितलं, “आई, मिक्सर लावायच्या आधी त्याला हाक मारत जा. आणि बटण त्यालाच फिरवू दे.” आजींना हे थेर वाटले, पण त्यांनी केलं. आता तो ओट्यापाशी उभा राहतो, डाव्या खांद्यानं एक कान झाकतो, “लावू?” असं विचारतो आणि बटण फिरवतो. यामागे मेंदूचा एक साधा नियम असावा. आपण स्वतः केलेल्या आवाजाचा अंदाज मेंदूला आधीच असतो, म्हणून तो आवाज त्याला सौम्य लागतो. स्वतःलाच गुदगुल्या होत नाहीत, त्याचंही कारण हेच.

मुलाला कॉटखाली शिरता येतं. मोठ्या माणसाला ती सोय नसते. हिंजवडीतल्या मोकळ्या, भिंती नसलेल्या ऑफिसात दिवसभर फोन, एसी, वीस जणांच्या गप्पा हे सगळं एकदम अंगावर येत असताना चेहरा शांत ठेवायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, योग्य जागी हसायचं. या सततच्या लपवण्याला मास्किंग म्हणतात. जे जास्त मास्किंग करतात त्यांच्यात चिंता आणि नैराश्य जास्त आढळतं, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. मला इथेच या विषयाचा गाभा दिसतो. वेगळ्या घडणीचा मेंदू हा आजार नाही, पण तो नसल्याचं सोंग रोज वठवत राहिलं की माणूस आजारी पडू शकतो. अशा वेळी नुसतं ‘ध्यान कर, पॉझिटिव्ह राहा’ असं सांगून भागत नाही. त्याची बसायची जागा बदला, हेडफोन लावू द्या, मीटिंगचे मुद्दे आधी लेखी द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (उदा. डिस्लेक्सिया) या दोन्हींचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र असलेल्यांसाठी अशा सोयी हा हक्काचा भाग आहे. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आवाज सगळ्याच वेगळ्या मेंदूंना छळतो असं नाही. एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं, अतिचंचलता) असलेल्या मुलांवर २००७ साली झालेल्या एका स्वीडिश प्रयोगात पार्श्वभूमीला एकसुरी खरखराट लावल्यावर त्यांची स्मरणाची कामगिरी सुधारली. तोच आवाज इतर मुलांना अडथळा ठरला. नदीपात्रातल्या ढोल पथकांच्या सरावाला गेलात तर वर्गात क्षणभर न टिकणारा एखादा मुलगा तिथे तासभर एका ठेक्यावर टिकलेला दिसेल. म्हणून ढोल बंद करा अशी मागणी मी करणार नाही. पण मर्यादा पाळायलाच हवी, आणि ती फक्त ऑटिझम असलेल्यांसाठी नाही, वादकांच्या स्वतःच्या कानांसाठीसुद्धा.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. इअरमफ मिरवणुकीपुरते उत्तम, पण दिवसभर लावून ठेवले तर शांततेची सवय लागून साधे आवाजही जास्त बोचू लागतात. ते किती वेळ वापरायचे हे ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला विचारा. दुसरी गोष्ट अंतराची. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनी उतरतो, त्यामुळे रस्त्याकडची खोली सोडून मागच्या खोलीत झोपवलं तरी फरक पडतो. मंडळांनीही पथक कुठल्या गल्लीतून साधारण किती वाजता जाणार हे सोसायट्यांच्या ग्रुपवर आदल्या दिवशी टाकावं. तेवढं कळलं तर आईवडिलांना मुलाला सांगून ठेवता येतं, किंवा त्या दोन तासांसाठी कोथरूडच्या मावशीकडे नेता येतं.