फायबरमधला रामन, फायबरच्या टोकावरचा रामन

‘रामन फायबर सेन्सर’ असं शोधलं की दोन अगदी वेगळ्या यंत्रांची माहिती एकत्रच समोर येते. एक बोगद्यांत आणि वीजकेबलशेजारी कित्येक किलोमीटर पसरलेलं, दुसरं जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचं, एंडोस्कोपच्या नळीतून शरीरात उतरणारं. दोन्हींत लेसर आणि काचेचा तंतू आहे, आणि दोन्हींच्या मुळाशी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांना दिसलेला परिणाम: पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशातल्या थोड्याशा भागाची तरंगलांबी बदलते, तोच रामन-प्रकाश. तरीही पहिल्यासाठी काचेतून येणारा रामन-प्रकाश हाच संदेश, तर दुसऱ्यासाठी तोच सगळ्यात मोठा अडथळा.

लांब फायबरचं काम समजायला सोपं आहे. त्यात लेसरचा साधारण १० नॅनोसेकंदांचा झोत सोडतात. काचेच्या कंपनांमुळे विखुरलेला थोडा प्रकाश मागे फिरतो. त्यातला अँटी-स्टोक्स (लेसरपेक्षा कमी तरंगलांबीचा) भाग तापमानाबरोबर बराच वाढतो, स्टोक्स (जास्त तरंगलांबीचा) भाग फारच कमी. दोघांच्या गुणोत्तरावरून तापमान कळतं, परतीच्या वेळेवरून जागा. १० नॅनोसेकंदांच्या झोताने जागा सुमारे एक मीटरपर्यंत नेमकी कळते. इथे फायबर हाच सेन्सर. शेजारी तेल आहे की पाणी, हे त्याला कळत नाही.

दुसऱ्या यंत्राला, म्हणजे शरीरात उतरणाऱ्या प्रोबला, नेमकं तेच कळायला हवं. ऊतींची ओळख पटवणाऱ्या रेषा साधारण ४०० ते १८०० प्रति सेंटीमीटर (रामन-प्रकाश लेसरपासून किती सरकला हे मोजायचं एकक) या पट्ट्यात असतात. प्रथिनांतल्या फेनिलॲलनिन या अमिनो आम्लाची रेषा १००३ च्या आसपास. पण काचेचा स्वतःचा रुंद उंचवटा ४४० जवळ आहे आणि त्याची शेपटी बरीच पुढे जाते. ऊतींचा रामन-प्रकाश आधीच क्षीण, त्यात लेसर काही मीटर काचेतून येतो. म्हणजे टोकाशी पोचेपर्यंत त्यात काचेचा आवाज मिसळलेला असतो. तो गाळायला प्रकाश नेणाऱ्या फायबरच्या टोकाशी फक्त लेसरची तरंगलांबी जाऊ देणारा फिल्टर लागतो. परत येणाऱ्या प्रकाशात ऊतींवरून उलटलेला लेसरही असतो. तो फायबरमध्ये शिरला तर पुन्हा काच बोलू लागते, म्हणून प्रकाश गोळा करणाऱ्या फायबरांच्या तोंडाशी लेसर अडवणारा दुसरा फिल्टर. हे दोन्ही टोकालाच हवेत, यंत्राजवळ बसवून उपयोग नाही. प्रोब लहान करण्यातली खरी कारागिरी इथेच आहे, असं मला वाटतं.

तोंडाच्या कर्करोगात जागेची ही अडचण कमी. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात रुग्णांच्या गालाच्या आतल्या बाजूला फायबर जोडलेला प्रोब लावून अभ्यास झाले आहेत. तंबाखूची सवय एवढी पसरलेल्या आपल्या राज्यात हे काम फार मोलाचं आहे. मेंदूसाठीही हातात धरायचा प्रोब चालतो: माँट्रियलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये शस्त्रक्रिया चालू असतानाच अशा प्रोबने कर्कपेशी ओळखून दाखवल्या. पोट किंवा फुप्फुसात मात्र एंडोस्कोपच्या नळीत मावेल एवढंच बनवावं लागतं.

एक पळवाट आहे. २८०० प्रति सेंटीमीटरच्या पुढे काच जवळजवळ गप्प असते, त्यामुळे तिथे टोकाला फिल्टर नसलेला एकच फायबरही चालतो. पण मग स्निग्ध पदार्थ, प्रथिनं आणि पाणी एवढंच ढोबळ चित्र मिळतं, १००३ ची रेषा हातची जाते. शिवाय ७८५ नॅनोमीटरचा नेहमीचा लेसर वापरला तर हा पट्टा १००० नॅनोमीटरपलीकडे सरकतो, जिथे सिलिकॉनच्या डिटेक्टरला फारसं दिसत नाही; म्हणून ६७१ सारखा कमी तरंगलांबीचा लेसर निवडावा लागतो.