कारण नसलेली कोंडी

महामार्गावर गाड्या अचानक थबकतात, बराच वेळ रांगत सरकतात आणि मग पुढे रस्ता एकदम मोकळा मिळतो. अपघात नाही, खोदकाम नाही, बंद पडलेला ट्रकही नाही. मग अडलं कुठे होतं?

जपानी संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात हे कोडं सुटलं. २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर त्यांनी २२ गाड्या सारख्या अंतराने उभ्या केल्या आणि चालकांना सांगितलं, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास चालवत राहा. ना सिग्नल, ना चौक. तरी थोड्याच वेळात काही गाड्या पार थांबू लागल्या, आणि थांबलेल्यांचा तो पुंजका ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे मागे सरकू लागला. एकाने वेग किंचित कमी केला की मागचा क्षणभर उशिरा सावध होतो, म्हणून ब्रेक जरा जास्त दाबतो. त्याच्या मागचा आणखी जास्त. गाड्यांची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की कोंडीला वेगळं निमित्त लागत नाही.

अशीच गोल रस्त्यावरची चाचणी पुढे अमेरिकेत टूसॉनला झाली. तिथे वीसेक गाड्यांपैकी एकीचाच वेग संगणकाकडे होता. ती पुढच्या गाडीमागे धावत सुटत नसे. सरासरी वेग धरून चालायची आणि पुढचं अंतर कमीजास्त होऊ द्यायची. तेवढ्यानं मागे सरकणारी कोंडीची लाट विरली, आणि इंधनाचा एकूण खप ४० टक्क्यांपर्यंत घटला. नोव्हेंबर २०२२ मध्ये नॅशव्हिलच्या रोजच्या वाहत्या महामार्गावर अशा १०० गाड्या उतरवून हाच विचार मोठ्या प्रमाणावर पडताळण्यात आला. स्वयंचलित गाड्यांच्या जाहिरातीत आत निवांत बसलेला माणूस दिसतो. मला मात्र त्यांचा खरा उपयोग मागून येणाऱ्या अनोळखी चालकांना होईल असं वाटतं.

चौकाची गोष्ट वेगळी. तिथे प्रश्न हिरवा दिवा कोणाला आणि किती वेळ, हा असतो. जुने सिग्नल ठरलेल्या वेळापत्रकावर चालतात. समोर चिटपाखरू नसलं तरी लाल दिवा आपली सेकंदं पूर्ण करतो. त्यावरचा उपाय तसा जुनाच आहे. रस्त्याखाली तारेचं वेटोळं पुरून त्यातून प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा, वीजप्रवाह सोडायचा. वर धातूची गाडी आली की वेटोळ्याचा विद्युत गुणधर्म बदलतो आणि यंत्रणेला गाडीची चाहूल लागते. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकातच अशा माहितीवरून सिग्नलच्या वेळा बदलणारी यंत्रणा तयार झाली. आता वेटोळ्यांच्या जोडीला कॅमेरे आणि रडार आले, आणि शेजारचे सिग्नल एकमेकांना आगाऊ कळवू लागले: इतक्या गाड्या तुझ्याकडे निघाल्यात. पिट्सबर्गमध्ये २०१२ साली नऊ चौकांवर असा प्रयोग झाला, तेव्हा प्रवासाचा वेळ सुमारे २५ टक्क्यांनी आणि थांबून राहण्याचा वेळ ४० टक्क्यांनी कमी झाला.

पण यंत्र मोजतं काय, हे विचारायलाच हवं. वेटोळ्याच्या हिशेबी पन्नास प्रवाशांची बस आणि एकट्या माणसाची मोटार सारखीच. पायी रस्ता ओलांडणारा तर त्याच्या गणतीतच नसतो. झुरिचने १९७०च्या दशकापासून ट्राम आणि बसला सिग्नलवर प्राधान्य दिलं. ते हत्यार यंत्रणेत असलं तरी कोणाचा वेळ आधी वाचवायचा हे माणसांनीच ठरवलेलं असतं.

फोनवरच्या नकाशांचा पेच याहून गमतीचा आहे. जर्मन गणिती डीट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्ये दाखवलं, की नवा रस्ता बांधल्यानं सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. समजा १००० गाड्यांपुढे दोन वाटा आहेत. प्रत्येक वाटेत एक ऐसपैस पण लांबचा तुकडा आहे, गर्दी असो-नसो २५ मिनिटांचा. आणि एक अरुंद तुकडा आहे, जिथे दर ५० गाड्यांमागे एक मिनिट लागतं. एका वाटेवर अरुंद तुकडा आधी येतो, दुसरीवर नंतर. गाड्या निम्म्या-निम्म्या वाटल्या की प्रत्येकाला ३५ मिनिटं. आता मध्ये दोन अरुंद तुकडे जोडणारा, वेळच न घेणारा दुवा बांधा. अरुंद तुकड्यात फार तर २० मिनिटं, म्हणून प्रत्येक जण दोन्हीकडे तोच निवडतो आणि सगळ्यांना ४० मिनिटं लागतात. एकट्यानं जुन्या वाटेवर परतावं तर ४५! प्रत्येकाला त्याच्यापुरता जवळचा रस्ता सांगणारं ॲप हाच सापळा वेगानं रचू शकतं. म्हणून पुढची नकाशा-यंत्रणा काही जणांना मुद्दाम थोडा लांबचा रस्ता सुचवेल का, आणि ते ऐकतील का, हा तांत्रिक प्रश्नापेक्षा अवघड प्रश्न आहे.

चालक नसलेल्या गाड्यांनी कोंडीचा प्रश्न आणखी बिकट होईल. पार्किंगचे पैसे वाचवायला रिकामी गाडी रस्त्यावर फिरत ठेवणं मालकाला परवडलं, तर दाटी वाढेलच.

इथे रस्त्याला किंमत लावण्याचा जुना मार्ग उपयोगी पडतो. सिंगापूरने १९७५ मध्ये गजबजलेल्या भागात शिरण्यासाठी कागदी परवाने सुरू केले आणि १९९८ पासून ती वसुली इलेक्ट्रॉनिक केली. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिन्यांसाठी शहराच्या मध्यभागात ये-जा करण्यावर शुल्क आकारून पाहिलं, तेव्हा त्या भागाच्या सीमेवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. ते थांबवल्यावर गाड्या पुन्हा वाढल्या. सुरुवातीला नाखूश असलेल्या शहरवासीयांनी जनमतात थोड्या फरकाने बाजूने कौल दिला, आणि २००७ पासून शुल्क कायमचं झालं.