नागपूरहून उडायचं, मुंबईत रांगेत यायचं

फ्लाइट सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या प्रोग्रामवर, छोटं विमान हवेत नेणं आणि कसंबसं खाली टेकवणं थोड्या सरावाने कुणालाही जमतं. कस लागतो तो मुंबईसारख्या मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, तिथल्या गर्दीत आणि तिथल्या नियमांनी उतरायचं ठरवल्यावर. दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहणारा माझा भाचा हाच उद्योग करतो. लॅपटॉप जुना, इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं, आणि लाइन कधी जाईल याचा नेम नाही. पडद्यावरचं चित्र ओबडधोबडच दिसतं, पण माझ्या मते त्याने फारसं बिघडत नाही. उड्डाण खरं वाटतं ते हिशोबामुळे, आणि हिशोबाला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ‘फ्लाइटगिअर’सारखा सिम्युलेटर तर फुकट मिळतो.

त्याच्या आजीची तक्रार वेगळी आहे. “काऊन रे, अर्धा घंटा झाला, तुहं इमान अजून भुईवरच?”

भुईवर असतं, कारण आधी इंधन ठरवायचं असतं. नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे 700 किलोमीटर. एअरबस ए-320 ताशी साधारण अडीच टन इंधन जाळतं. प्रवासापुरतं इंधन, त्यावर 5 टक्के राखीव, मुंबई बंद पडली तर अहमदाबादला जाण्याइतकं, आणि त्याही वर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं. मग टाकी गच्च भरून का निघत नाहीत? कारण इंधनालाही वजन असतं, आणि ते वाहून न्यायला आणखी इंधन जळतं.

दुसरा हिशोब उन्हाचा, आणि तो विदर्भातल्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. जानेवारीच्या पहाटे नागपूरला 12 अंश असतील आणि मे महिन्याच्या दुपारी 45, तर त्याच दाबाची हवा दुपारी सुमारे 10 टक्के विरळ असते. पंखांना मिळणारी उचल हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग) अवलंबून असते. म्हणून तेवढंच वजन उचलायला विमानाला जमिनीवरून 5 टक्क्यांहून थोडं जास्त वेगाने धावावं लागतं. विरळ हवेत इंजिनाचा जोरही घटतो, त्यामुळे धाव बरीच लांबते. गंमत अशी की कॉकपिटमधला वेगदर्शक दोन्ही वेळा तोच आकडा दाखवतो. तो हवेचा दाब मोजतो, जमीन किती झपाट्याने मागे पडते आहे ते त्याला कळत नाही. चांगला सिम्युलेटर हा फरक पाळतो. मे महिन्यातलं हवामान लावलं की धावपट्टीचं टोक नेहमीपेक्षा जवळ आल्यासारखं वाटतं.

मुंबईची अडचण तिच्या नकाशातच आहे. तिथे धावपट्ट्या दोन आहेत, 09/27 आणि 14/32, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं सोडता येत नाहीत. बहुतेक वेळ कामाला एकच असते. एवढ्यावर 2018 मध्ये तिथे एका दिवसात हजारापेक्षा जास्त विमानं उतरली आणि उडाली. म्हणजे रात्र धरूनही दर दीड मिनिटाला एक. कापसाच्या हंगामात जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागते तशी ही रांग असते, फक्त इथली गाडी जागेवर थांबू शकत नाही.

धावपट्ट्यांचे आकडे दिशेचे आहेत: 27 म्हणजे 270 अंश, पश्चिमेकडे तोंड. पावसाळ्यात वारा 240 अंशांवरून 20 नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) येत असेल तर 27 वर उतरताना समोरून 17 नॉट आणि आडवा 10 नॉट मिळतो. 32 वर तोच वारा जवळजवळ पूर्ण 20 नॉट आडवा येतो. कुठली धावपट्टी वापरायची हे वारा असं ठरवतो, आणि विमानतळाचा ताजा हवामान अहवाल दर अर्ध्या तासाला सिम्युलेटरमध्ये घेता येतो.

दोन विमानांमधलं अंतर मात्र वाऱ्यावर सोडलेलं नाही. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकावरून वर वळते आणि मागे दोन भोवरे सोडून जाते. विमान जितकं जड आणि संथ, तितके हे भोवरे जोरदार. ते दिसत नाहीत, हळूहळू खाली उतरत जातात आणि मागच्या लहान विमानाला कलंडवू शकतात. म्हणून बोइंग 777 च्या मागे ए-320 ला 5 सागरी मैल, म्हणजे 9 किलोमीटरहून जास्त अंतर ठेवावं लागतं. ए-380 च्या मागे 7 मैल. घरच्या सिम्युलेटरात हे भोवरे असतीलच असं नाही, तरी शिस्तीचा गडी अंतर पाळतो.

उतरण साधारण 3 अंशांची. उंचीच्या दर हजार फुटांना 3 मैल, हा वैमानिकांचा तोंडी हिशोब. 33 हजार फुटांवर असलेल्या विमानाने शंभरेक मैल आधी, म्हणजे शिर्डीच्या आसपासच खाली यायला सुरुवात करायची. शेवटच्या टप्प्यात वेगाला पाचने गुणायचं: 140 नॉट असेल तर मिनिटाला 700 फूट खाली.

उंची मोजणारं यंत्रही मुळात दाबच मोजतं. वर 1013 हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक) धरून उडायचं आणि खाली येताना मुंबईचा त्या वेळचा दाब लावायचा. पावसाळ्यात तो 1003 असेल आणि बदलायचं राहिलं, तर यंत्र खऱ्यापेक्षा तीनशेएक फूट जास्त दाखवतं. ढगात ही चूक महागात पडते. ढगातून वाट दाखवतात जमिनीवरचे रेडिओ किरण. मध्यरेषेच्या डावीकडे 90 हर्ट्झचा सूर जोरात येतो, उजवीकडे 150 हर्ट्झचा; दोन्ही सारखे झाले की विमान धावपट्टीच्या रेषेत आलं.

हे सगळं एकट्याने केलं तर निम्मंच खरं. 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘व्हॅटसिम’ या ऑनलाइन नेटवर्कवर स्वयंसेवक कंट्रोलर, म्हणजे विमानांना रेडिओवरून सूचना देणारे, होऊन बसतात आणि प्रत्येक सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते. भाच्याचं इंग्रजी वर्गात सुधारलं नाही, ते इथे सुधारलं. हॉटस्पॉट तुटला की मात्र कंट्रोलरच्या पडद्यावरून विमान नाहीसं होतं!

जे घरी मिळत नाही ते शरीराला मिळणारे धक्के. 1929 मध्ये अमेरिकेत एडविन लिंक यांनी वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यातलं भात्यांचं तंत्र वापरून हलणारं, कलणारं सिम्युलेटर बनवलं होतं. आजची प्रशिक्षणाची यंत्रं याहून चलाख असतात. वेग वाढल्याचा भास द्यायला ती खोली हळूच मागे कलवतात. कानातल्या तोलाच्या इंद्रियाला गुरुत्वाकर्षण आणि प्रवेग यांतला फरक कळत नाही, आणि डोळ्यांसमोर क्षितिज सरळच ठेवलेलं असतं.

शेवटचे 200 फूट उरले आणि धावपट्टी दिसली नाही, किंवा पुढचं विमान तिच्यावरून अजून बाजूला झालेलं नाही, तर पूर्ण जोर देऊन वर जायचं आणि पुन्हा रांगेत यायचं. यात पाव तास आणि अर्धा-पाऊण टन इंधन सहज जातं. उतरेपर्यंत शेवटच्या अर्ध्या तासाच्या साठ्याला हात लागणार असं दिसलं, तर रेडिओवर ‘मेडे फ्युएल’ म्हणावंच लागतं, म्हणजे इंधनाची आणीबाणी जाहीर करावी लागते. व्हॅटसिमवर कंट्रोलरला सवड नसेल तर तो ही आणीबाणी मागे घ्यायला सांगू शकतो. नाही घेतली तर नेटवर्क सोडायचं. भाचा त्यापेक्षा नागपुरातच थोडं जास्तीचं भरून घेतो.