मतदानाचे प्रमाण, पश्चिमी लोकशाही देशांतील

निवडणुकीत प्रत्यक्ष मत देणाऱ्यांचे मतदारसंख्येशी असलेले शेकडा प्रमाण. छेदस्थानी कोणती संख्या धरायची, यावर या विषयातील बहुतेक वाद अवलंबून आहेत. यूरोपात, आणि भारतातही, ही टक्केवारी मतदारयादीतील नावांवर काढतात. अमेरिकेत नोंदणी पुष्कळ काळ ज्या-त्या नागरिकाची स्वतःची जबाबदारी राहिल्याने तेथील अभ्यासक मतदानाच्या वयाची एकूण लोकसंख्या धरत आले. त्यामुळे दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून केलेली तुलना फसवी ठरते.

मतदानाच्या आकड्यांच्या उपलब्ध मालिकांत अमेरिकेची मालिका सर्वांत लांब आणि सर्वांत वादग्रस्त आहे. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत सुमारे ८२ टक्के मतदान झाले. १८९६ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास राहिले आणि १९२४ मध्ये ते ४९ टक्क्यांवर आले. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ वॉल्टर डीन बर्नम यांनी १९६५ मध्ये या घसरणीचे मूळ १८९६ नंतरच्या पक्षव्यवस्थेत शोधले : उत्तरेत रिपब्लिकन व दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाचे एकहाती वर्चस्व निर्माण झाले, चुरस संपली आणि सामान्य मतदार राजकारणाबाहेर फेकला गेला. फिलिप कॉन्व्हर्स व जेरोल्ड रस्क यांना हे मान्य नव्हते. एकोणिसाव्या शतकातील आकडेच फुगलेले होते, असे कॉन्व्हर्स यांचे म्हणणे. रस्क यांनी मतपत्रिकेकडे लक्ष वेधले. त्या काळी मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्ष छापत. एकाच पक्षाच्या उमेदवारांची नावे असलेली ती चिठ्ठी बहुधा आकारावरून वा कागदाच्या रंगावरून दुरूनही ओळखू येई. पक्षाचा माणूस ती मतदाराच्या हाती देई आणि पेटीत पडेपर्यंत तिच्यावर नजर ठेवी. १८८८ नंतर अल्पावधीतच बहुतेक राज्यांनी सरकारी छपाईची गुप्त मतपत्रिका, म्हणजे तथाकथित ऑस्ट्रेलियन पद्धत, स्वीकारली आणि पाठोपाठ वैयक्तिक नोंदणीचे कायदे आले. त्यांनी खोटी मते रोखली, तसे गरीब व स्थलांतरित मतदारही गाळले. नोंदणीची सक्ती नसलेल्या भागांतही घट दिसते, हे बर्नम यांचे उत्तर दखलपात्र आहे. तरीही नियमबदलांचा वाटा त्यांनी मानला त्याहून मोठा असावा.

दक्षिणेपुरता हा वाद फारसा उरत नाही. मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेपासून मतदान-कर (मत देण्यासाठी भरावा लागणारा कर) व साक्षरता-चाचणी यांनी कृष्णवर्णीयांना, आणि पुष्कळ गरीब गोऱ्यांनाही, हेतुपुरस्सर वगळले. १९२० च्या दशकात तेथे पाचांतला जेमतेम एक प्रौढ मत देई. ही उदासीनता नव्हती. हक्कच हिरावलेला होता. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर हे चित्र बदलले.

१९७२ नंतरची अमेरिकन घसरण मात्र बव्हंशी छेदाने घडविलेली दिसते. मायकेल मॅकडॉनल्ड व सॅम्युएल पॉपकिन यांनी २००१ मध्ये प्रौढ लोकसंख्येतून परदेशी नागरिक आणि मताधिकार गमावलेले गुन्हेगार वजा केले, तेव्हा ती जवळजवळ नाहीशी झाली. २०२० मध्ये पात्र नागरिकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी मत दिले; हे १९०० नंतरचे उच्चतम प्रमाण होय.

पश्चिम यूरोपातील घट मात्र खरी मानावी लागते. ब्रिटनमध्ये १९५० साली ८३·९ टक्के मतदान झाले, २००१ मध्ये ५९·४. इटलीत ते १९७६ मधील ९३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ६४ टक्क्यांपर्यंत उतरले. फ्रान्समध्ये अध्यक्षीय निवडणुकीपेक्षा संसदीय निवडणुकीत ओहोटी अधिक जाणवते. तथापि कल एकमार्गी नाही : जर्मनीत १९७२ मध्ये ९१ टक्के, २००९ मध्ये ७०·८ आणि २०२५ मध्ये पुन्हा ८२·५ टक्के मतदान झाले. डेन्मार्कचे प्रमाण दीर्घकाळ ८५ टक्क्यांच्या आसपास आहे.

कारणांविषयी राज्यशास्त्रज्ञ मार्क फ्रँकलिन यांची २००४ मधील मांडणी अधिक पटण्याजोगी आहे. मतदान ही पहिल्या दोन-तीन निवडणुकांत जडणारी सवय आहे, असे ते मानतात. १९७० च्या सुमारास बहुतेक देशांनी मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. परिणामी घर सोडण्याच्या, शिकण्याच्या, अस्थिर वयात तरुणांची पहिली निवडणूक येऊ लागली. ती चुकली की सवय लागत नाही. पिढ्या बदलतात तशी घट सावकाश साचते. चुरस किती आहे, यालाही ते महत्त्व देतात. मूल्यबदल किंवा पक्षांवरील अविश्वास ही कारणे लोकप्रिय असली, तरी सर्व देशांना ती सारखी लागू पडत नाहीत.

मतदानाच्या सक्तीचा परिणाम मात्र निर्विवाद आहे. ऑस्ट्रेलियात १९२२ मध्ये ६० टक्क्यांहून कमी मतदान झाले होते. १९२४ च्या सक्तीच्या कायद्यानंतर १९२५ मध्ये ते ९१ टक्क्यांवर गेले. उलट नेदर्लंड्समध्ये १९७० मध्ये सक्ती उठताच ते सुमारे ९५ वरून ७९ टक्क्यांवर आले.

यूरोपीय संसदेच्या निवडणुकांत १९७९ मध्ये सुमारे ६२ टक्के, २०१४ मध्ये ४२·६ आणि २०१९ मध्ये ५०·७ टक्के मतदान झाले; मात्र या काळात सदस्य-देशांची संख्या ९ वरून २८ झाली होती.