आधी चाक हलवून बघा

गोव्याहून चोर्ला घाटाने परतलो आणि दुसऱ्याच दिवशी निपाणीच्या वाटेवर स्टिअरिंग थरथरायला लागलं. ताशी ८० ला सुरुवात, ९० ला हातांना झिणझिण्या, ११० च्या पुढे पुन्हा बऱ्यापैकी शांत. एका दुकानात अलाइनमेंट करून घेतली. पंधरा दिवसांत परत तेच, वर खड्ड्यात पुढून 'टक् टक्'. पुन्हा अलाइनमेंट. पैसे गेले, टकटक राहिली.

शेवटी बेळगावच्या उद्यमबागेजवळच्या एका मिस्त्रींनी विचारलं, "चाक हलवून बघितलं काय कुणी?"

"नाही."

"मग माप कशाचं घेतलं ओ त्यांनी?"

अलाइनमेंट म्हणजे चाकांच्या कोनांचं माप. चाकच सांध्यात डुगडुगत असेल तर मशीनवर कोन एक येणार आणि रस्त्यावर दुसरा. म्हणून आधी 'प्ले', म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, शोधायचा.

त्यांची पद्धत घरीही जमेल अशी आहे. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, पुढचं चाक जॅकवर आणि गाडीखाली भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. आता चाक म्हणजे घड्याळ समजा. एक हात बाराच्या जागी, एक सहाच्या. वरून ढकला, खालून ओढा. हललं तर दोष ज्यावर चाक फिरतं त्या बेअरिंगमध्ये, किंवा बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे चाकाच्या आधाराला खालच्या दांड्याशी (लोअर आर्म) जोडणाऱ्या गोल सांध्यात. कुठल्यात, हे कळायला कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक लागला की चाक आणि त्यामागचा लोखंडी नकल (चाकाचा आधार) एकमेकांना जखडतात, मधलं बेअरिंग हिशोबातून बाद होतं. प्ले गायब झाला तर बेअरिंग. राहिला तर बॉल जॉइंट नाहीतर लोअर आर्मचे बुश (रबरी सांधे). काही जीपवजा गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवरच टेकलेली असते. तिथे जॅक आर्मखाली लावावा, नाहीतर स्प्रिंगचा दाब बॉल जॉइंटचा ढिलेपणा झाकून ठेवतो.

मग हात नऊ आणि तीनला. फक्त याच दिशेने हललं तर संशय टाय रॉडवर, म्हणजे स्टिअरिंगच्या रॅकपासून चाकापर्यंत जाऊन ते वळवणाऱ्या दांड्यावर: त्याच्या चाकाकडच्या सांध्यावर (टाय रॉड एंड) किंवा रॅककडच्या आतल्या जॉइंटवर. माझ्या डाव्या चाकाने इथेच बारीक 'कट्' केलं. मिस्त्रींनी गाडी खाली उतरवली, मला स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवायला लावलं आणि स्वतः टाय रॉड एंडवर बोट ठेवून बसले. लोखंडातून आवाज कुठूनही कुठेही जातो, त्यामुळे कान फसतो. बोटाखाली मात्र सांधा जिथे ढिला तिथेच उडी मारतो.

प्ले किती होता? जेमतेम एक मिलिमीटर. एवढ्याने काय होतं, असं मलाही वाटलं. पण नकलच्या ज्या आर्मला टाय रॉड जोडलेला असतो त्याची लांबी १३ सेंटीमीटर धरली, तर एक मिलिमीटरने चाक जवळपास अर्धा अंश फिरतं. स्टिअरिंग साधारण १६ अंश फिरवलं की चाक एक अंश फिरतं असं धरलं, तर हाच प्ले हातात सात अंशांचा होतो, म्हणजे स्टिअरिंगच्या कडेला दोन सेंटीमीटर. तेवढं फिरवेपर्यंत चाकाला पत्ताच नसतो.

पण थरथर ९० लाच का? त्याचं उत्तर रिमच्या आतल्या बाजूला होतं: घाटातल्या तांबड्या मातीचा वाळलेला पोपडा. १४ इंची रिमवर कडेला २० ग्रॅम माती एका बाजूला चिकटली, तर ताशी ९० ला ती सव्वादोन-अडीच किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढते, आणि तेही सेकंदाला १३ वेळा फिरून. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. पुढच्या चाकाची स्प्रिंगवर, टायरवर हेलकावण्याची स्वतःची लय साधारण याच आसपास असते. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखं होतं. वेग वाढला की धक्क्यांची लय चुकते आणि थरथर ओसरते. ठरावीक वेगाला येऊन जाणारी थरथर म्हणजे बॅलन्सिंग बिघडलेलं, चाकाचं वजन सगळीकडे सारखं नाही. खड्ड्यात टकटक आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटणं म्हणजे ढिलेपणा. माझ्याकडे दोन्ही होतं, आणि मातीचा धक्का ढिल्या सांध्यातून थेट हातात येत होता. (फक्त ब्रेक मारतानाच थरथरत असेल तर ब्रेकची डिस्क बघा, ती वेगळी गोष्ट.)

बेअरिंग मात्र बहुधा गुणगुणतं. उजव्या वळणावर घुरघुर वाढली तर डावं बेअरिंग धरायचं, कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर येतं. खात्रीसाठी उचललेलं चाक एकाने हाताने फिरवायचं आणि दुसऱ्याने स्प्रिंगवर तळवा ठेवायचा; खराब बेअरिंगची खरखर तिथे जाणवते.

काढलेल्या टाय रॉड एंडचा रबरी बूट फाटलेला होता आणि आत ग्रीसच्या जागी तांबडा लेप. जांभ्याची धूळ ग्रीसमध्ये मिसळली की ती पॉलिश पेपरचंच काम करते. जुना एंड सोडवताना मिस्त्री तोंडातल्या तोंडात फेरे मोजत होते. दांड्याची लांबी तीच राहावी म्हणून तेवढेच फेरे देऊन त्यांनी नवा बसवला, तो जखडणारी चेकनट आवळली, पोपडा खरवडून टाकला आणि म्हणाले, "बॅलन्सिंग करा, आणि आता जावा अलाइनमेंटला."